ओटीपोटाची ओळख



शेताच्या बांधावरील खुणेचा दगड गावात प्रत्येकास ठाऊक असतो; स्वतःच्या पोटावरील खुणा मात्र फार थोड्यांस ठाऊक असतात. सेनगाव तालुक्यातील साखरा यासारख्या गावी, जेथून मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते, हे अज्ञान जिवावर बेतू शकते.

ओटीपोटाच्या मुख्य खुणा अशा : वर बेंबी, दोन्ही बाजूंस कंबरेच्या हाडांची पुढील टोके आणि खाली मध्यभागी जघनास्थी. जघनास्थीच्या मागे मूत्राशय असते. लघवी तुंबली म्हणजे ते वर येऊन बेंबीखाली फुगवटा हातास लागतो. जांघेतील जी गाठ खोकताना पुढे येते व निजल्यावर आत जाते, ती बहुधा अंतर्गळाची असते. ती आत जाईनाशी होऊन दुखू लागल्यास विलंब करू नये.

सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते उजव्या बाजूकडे. उजव्या हाडाच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा कल्पून हाडाकडून तिचा १/३ भाग मोजावा. आंत्रपुच्छाची, म्हणजे अपेंडिक्सची, साधारण जागा ती हीच. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये या बिंदूचे वर्णन केले.

आंत्रपुच्छास सूज आली, तरी दुखणे बहुधा प्रथम बेंबीभोवती जाणवते. कारण दोन्हींकडील संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोचतात. काही तासांनी सूज पोटाच्या आतील अस्तरास भिडते आणि दुखणे उजवीकडे खाली स्थिरावते. नेमके याच वेळी ‘वाटी सरकली’ असे समजून पोट चोळले जाते, एरंडेल पाजले जाते. हे दोन्ही उपाय घातक आहेत. आंत्रपुच्छ फुटल्यास पू पोटभर पसरतो. त्या वेळी दुखणे क्षणभर कमी होते. तो उतार मानू नये.

पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एकाएकी कळ येऊन घेरी आली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेत वाढत असण्याचा संभव असतो. आतल्या आत रक्तस्राव होतो. अशा प्रसंगी संकोचापायी गेलेला एक तासही फार मोलाचा ठरतो.

शिक्षकांनी या खुणा मुलांस चित्रातून दाखवाव्यात. पंचायत सदस्यांनी रुग्णास काही खाऊपिऊ न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुखणे केव्हा सुरू झाले आणि कोठून कोठे सरकले, एवढे डॉक्टरांस नीट सांगता आले, तरी निदानाचे निम्मे काम होते.