औषधावाचून गेलेला नारू



नारू हा शब्द आजच्या मुलांना कोशात शोधावा लागतो, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. त्यांच्या आजी-आजोबांना मात्र त्या शब्दानेच शहारे येत. पायावर फोड उठे, आग होई आणि फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा, हातभर किंवा त्याहून लांब जंत बाहेर येऊ लागे. तो काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळून काढावा लागे. मध्येच तुटला, तर पाय सुजून पिके. माणूस कित्येक आठवडे खाटेवर. हंगाम तसाच निघून जाई.

या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. आजही नाही. १९८४ साली महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण होते. जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला.

हे घडले बारवेच्या पायऱ्यांवर. रुग्णाचा पाय पाण्यात बुडताच जंत आपली पिल्ले पाण्यात सोडी; ती डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाणपिसवांच्या पोटात जात आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने नवा जंत निघे. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा त्यांचे रूप पालटले, हातपंप बसवले, पाण्यात पिसवा मारणारे द्रव्य टाकले, घरोघरी गाळण्याचे फडके दिले. यांत सर्वांत अवघड काम अभियंत्याचे नव्हते. ज्या बारवेचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या गोड लागले, तीच रोगाचे घर आहे हे गावाला पटवणे अवघड होते.

हत्तीरोगाचे प्रकरण नेमके उलटे. त्यावर गोळ्या आहेत, त्या वर्षातून एकदा मोफत मिळतात. तरी तो गडचिरोली-चंद्रपुरापासून बिहारपर्यंत अजून टिकून आहे. डासांमार्फत शरीरात शिरलेला जंतू वर्षानुवर्षे मुकाट राहतो. पाय हत्तीसारखा झाला की पूर्ववत होणे जवळजवळ अशक्य. पण धडधाकट माणूस विचारतो, ‘‘मला काय धाड भरलीय?’’ आणि गोळ्या फडताळात ठेवून देतो. म्हणूनच घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना सूचना असते : गोळ्या हातात देऊन निघायचे नाही, त्या समोर गिळल्या की मगच पुढचे दार.