मालमोटारीच्या हौद्यावरील घरगुती टप

मराठींत म्हण आहे, घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून. अमेरिकेंतील हौशी गृहस्थ या दोन कसोट्यांत तिसरीची भर घालीत आला आहे : लहान मालमोटारीच्या उघड्या हौद्यावर स्वतःच्या हातांनीं टप चढवून पाहावा.

ज्या वाहनाला तिकडे ‘कॉम्पॅक्ट पिकअप’ म्हणतात, तें मोठ्या ट्रकचें धाकटें भावंड होय. जपानी डॅट्सननें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत त्याला वाट करून दिली. टोयोटाची हायलक्स १९६८ सालीं निघाली, आणि फोर्डची रेंजर १९८२ सालीं कारखान्यांतून बाहेर पडली. पुढें बसावयाची जागा आणि मागें सुमारें ६ फूट लांबीचा उघडा हौदा, ही त्याची नेहमींची ठेवण. आठवडाभर त्यांतून लांकूड-सामान वाहावें, आणि सुटीच्या दिवशीं तेथेंच अंथरूण पसरून अरण्यांत रात्र काढावी, अशी मालकाची इच्छा असते. फायबरग्लासचे तयार टप दुकानांत मिळतात. पण ते महाग, शिवाय एका गाडीचा टप दुसरीवर बसेलच असें नाहीं. म्हणून करवत हातीं घेतली जाते.

पहिला प्रश्न वजनाचा. ४ फूट रुंद, ८ फूट लांब व अर्धा इंच जाड अशी प्लायवुडची फळी सुमारें २० किलो भरते. पाव इंचाची तिच्या निम्मी. अशा तीन जाड फळ्या लागल्या, तर एका प्रौढ माणसाचा भार गाडीच्या माथ्याकडे चढतो, आणि उंचावरील भार वळणावर गाडीला कलंडवूं पाहतो. जाणता कारागीर म्हणून पातळ फळी घेऊन तिला आंतून हलक्या लांकडाच्या सांगाड्याचा आधार देतो. एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत हौद्याची रुंदी ४ फुटांहून अधिक असते. टपाच्या बाजू सरळ उभ्या केल्या, तर छपराला सांधा द्यावा लागतो; त्याच वर जातांना आंत झुकविल्या, तर एका फळींत छप्पर भागतें आणि वाराही कमी अडतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. सपाट छपरावर पाणी सांचतें. म्हणून मध्यें थोडी कमान किंवा मागें उतार हवा. प्लायवुड पृष्ठभागापेक्षां कडांतून अधिक पाणी पितें. त्या कडांना एपॉक्सी राळ पाजावी, आणि मगच रंगाला हात घालावा. टप व कठडा यांमध्यें मऊ फोमची पट्टी बसवून वरून शिकंजे आवळावे. पत्र्याला पाडलेलें प्रत्येक भोक म्हणजे गंजाला दिलेलें आमंत्रणच.

तिसरी गोष्ट नवख्याच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. केबिन व हौदा हे एकाच चौकटीवर, पण निरनिराळे बसविलेले असतात. खडबडीत रस्त्यावर चौकट पिळवटली कीं ते वेगवेगळे हलतात. टप केबिनला घट्ट जखडला, तर कांहीं ना कांहीं तडकणारच. त्या दोहोंत मोकळी फट ठेवावी, अथवा लवचिक रबर घालावें.

येथवर चूक झाली तर नुकसान लांकडाचें आहे; यापुढें तें जिवाचें आहे. गाडी धांवूं लागली कीं तिच्या पाठीशीं हवेचा दाब उतरतो. मागचें दार उघडें असलें किंवा नीट मिटत नसलें, तर एंजिनाचा धूर उलट टपांत ओढला जातो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आंतल्या माणसाला झोप आल्यासारखें वाटतें, आणि ती झोप शेवटची ठरूं शकते. म्हणून गाडी चालत असतांना टपाखालीं कोणालाही, मुलांना तर कधींच, बसवूं नये. उभ्या गाडींत निजतांनाही आंत शेगडी वा स्टोव्ह पेटवूं नये, आणि हवेसाठीं समोरासमोर दोन झरोके अवश्य ठेवावे. श्वासांतील दमट हवा थंड छपरावर थेंब होऊन अंथरुणावर गळते, तीही त्यांतून निघून जाते.

आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. १९९४ पासूनच्या अमेरिकन मॉडेलांत केबिनच्या मागें उंचावर तिसरा ब्रेकदिवा असतो. टपानें तो झांकला, तर टपाच्या पाठीवर दुसरा दिवा लावलाच पाहिजे. मागून येणाऱ्या अनोळखी चालकाचा जीवही त्या रचनेवर अवलंबून असतो.

म्हणूनच शहाणा गृहस्थ आधीं जुन्या पुठ्ठ्याचा टप कापून हौद्यावर ठेवतो, आंत पाय पसरून पाहतो, दार उघडून मिटून पाहतो. पुठ्ठ्यावरची चूक कात्रीनें सुधारते. रस्त्यावरच्या चुकीला तेवढी सवलत मिळत नाहीं.