सासूची तक्रार आणि हिप्पोकॅम्पस



पाहुणा आला की आधी भुईकोट किल्ला सांगायचा, हा नगरच्या स्वागताध्यक्षांचा शिरस्ता. त्याच किल्ल्यात कैदेत असताना 1944 साली पंडित नेहरूंनी 'भारताचा शोध' लिहिला. शिरस्ता पाळला, आता मुद्द्याचे.

आजी पोटभर जेवते, हात धुते आणि अर्ध्या तासाने ओट्यावर बसून शेजारणीला सांगते, "सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. सून वाढतच नाही." गावभर नालस्ती सुनेची होते. बिघाड मात्र असतो आजीच्या कानशिलाच्या आत, हिप्पोकॅम्पसमध्ये आणि त्याला लागूनच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाचे गुंते या भागात फार लवकर दिसू लागतात, हे हाइको आणि एव्हा ब्राक यांनी 1991 साली टप्पे पाडून मांडले. नव्या घटनेची नोंद होते ती इथे. नोंदच झाली नाही, तर आठवणार काय? वाटांचा हिशोबही हाच भाग ठेवतो. म्हणून रानातून घरी निघालेले आजोबा भलत्याच वस्तीवर जातात.

त्याच आजीपुढे परात ठेवा. पीठ मळून, पाण्याचा हात लावून ती भाकरी थापते, कडा कुठे फाटत नाही.

हाताचे कसब सांभाळणारे बेसल गँग्लिया आणि सेरेबेलम वेगळे. याचा दाखला अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनचा. त्याचे 1953 साली अपस्मारासाठी ऑपरेशन झाले. त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग गेला. आरशात बघून चांदणी गिरवताना त्याचा हात रोज सुधारायचा, पण आदल्या दिवशी आपणच ती गिरवली, याचा त्याला पत्ताच नसे.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. गावोगावी न्यूरॉलॉजिस्ट पोहोचणार नाहीत, हे उघड आहे. पण याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून फारशी शाळा न पाहिलेल्या बायकांमधून आरोग्यसेविका घडवल्या. त्यांना आरोग्यसेवा जमली, तर गावातल्या आशाताईंना हा आजार ओळखणे का जमू नये?

आजच्या कार्यक्रमात एमआरआयवरचे निबंध भरपूर आहेत, ते वाचले जावेतच. स्वागत समितीची विनंती एवढीच, की "वय झालं" म्हणून आजीला घरी पाठवण्याआधी बी-12 आणि थायरॉइड तपासावे, कारण त्यांच्या कमतरतेने आलेला विसर औषधाने सुधारू शकतो. आणि सुनेला समोर बसवून आजार नीट समजावून सांगावा, शक्यतो शेजारणीच्या देखत.