संगणकाच्या हाती मोजमाप



रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर मल्टिमीटरच्या दोन सळ्या टेकवून वाचन घेतो, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन-चार वाचनांपुरते ते ठीक. परंतु एखाद्या विद्युत्-पुरवठा यंत्राचा दाब दर दहा सेकंदांनी, सलग तीन दिवस मोजावयाचा झाल्यास वाचने होतात २५,९२०. माणूस थकतो, पहाटे डोळा लागतो आणि वहीत अंदाजाचे आकडे उतरू लागतात. त्या आकड्यांवर विसंबून यंत्र कारखान्याबाहेर पडते.

या अडचणीवर अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक जोडणी सिद्ध केली. १९७५ साली तिला 'आयट्रिपलई ४८८' या नावाने मानकाचा दर्जा मिळाला. चोवीस टोकांची ही जोडणी वापरून संगणक धरून पंधरा उपकरणे एकत्र बांधता येतात; केबलची एकूण लांबी मात्र वीस मीटरपर्यंतच.

तिच्यातील तीन तारांचे काम मोठे मार्मिक आहे. शुद्धलेखन सांगणारे गुरुजी शेवटच्या बाकावरील मुलाचा हात थांबेपर्यंत पुढचा शब्द उच्चारीत नाहीत. येथेही 'अक्षर ठेवले आहे', 'घेण्यास तयार नाही', 'अद्याप घेतले नाही' अशा खुणा या तारांवरून चालतात आणि सर्वांनी घेतल्यावरच पुढचे अक्षर निघते. त्यामुळे काही गळत नाही. मात्र ऐकणाऱ्यांत जो सर्वांत मंद, त्याच्या चालीने सर्वांना चालावे लागते.

तारा एक झाल्या, तरी भाषा एक नव्हती. प्रत्येक कंपनीच्या आज्ञा निराळ्या. १९८७ साली काही सामाईक आज्ञा ठरल्या आणि १९९० साली 'एससीपीआय' ही आज्ञावली आली. तारांकन, 'आयडीएन' ही अक्षरे व प्रश्नचिन्ह एवढे पाठविले, की उपकरण आपला निर्माता, नमुना, अनुक्रमांक व आतील आज्ञाप्रणालीची आवृत्ती सांगते. ओळख विचारून मगच कामास लागावे, हा शिष्टाचार यंत्रांनीही पाळावा, हे गमतीचेच!

पुढे यूएसबी आणि संगणक-जाळे यांद्वारेही हे काम होऊ लागले आणि वीस मीटरची मर्यादा सुटली. तेथेच धोकाही वाढला. पाचऐवजी पन्नास व्होल्ट लिहिले गेले, तर संगणक शंका घेत नाही. समोरचे मंडल मात्र जळते. म्हणून दाबाची कमाल मर्यादा उपकरणावरच बांधून ठेवावी आणि वीज तोडणारा खटका माणसाच्या हाताशी असावा. शिवाय आज्ञा कोणाकडून आली, हे अनेक उपकरणे विचारीतच नाहीत. ती उघड्या इंटरनेटवर ठेवणे म्हणजे वाड्याचा दरवाजा सताड उघडा टाकून झोपणे होय.

तंत्रशाळांतील शिक्षकांनी कपाटातील जुन्या उपकरणांची पाठ एकदा अवश्य पाहावी. चोवीस टोकांची ती खाच आढळल्यास यूएसबीचा जोड लावून आजच्या संगणकाशी त्यांचे बोलणे घडविता येते. उपकरण १९९० पूर्वीचे असेल, तर त्याची माहितीपुस्तिका आधी शोधावी. त्याच्या आज्ञा तिच्यातच सापडतील.