मेलेल्यांची आठवण कोण काढतो, आणि कशी?

(४ जून २००० रोजी शिबिरात रात्रीच्या बैठकीत झालेलं भाषण. बोललं तसंच उतरवून दिलं आहे.)

साथींनो, बायांनो, गड्यांनो,

सकाळी पेपरातली बातमी वाचून दाखवली, तेव्हा मागून एका बाईनं विचारलं, "मेले चीनमधले लोक, आणि त्यांच्यासाठी ठराव करतात अमेरिकेचे खासदार. त्यांना काय पडलंय?" प्रश्न खरा आहे. त्यावरच बोलतो.

आधी काय झालं ते सांगतो. १९८९ च्या एप्रिलात चीनच्या राजधानीत, बीजिंगला, विद्यार्थी तिआनानमेन नावाच्या मोठ्या चौकात जमले. मागणी काय? पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार थांबवा, पेपरात खरं छापू द्या, आमच्याशी बोला. मे महिन्यात ते उपोषणाला बसले. कामगार आले, शहरातली साधी माणसं आली. सरकारनं २० मेला लष्करी कायदा लावला. ३ जूनच्या रात्री रणगाडे शिरले. जास्तीत जास्त माणसं मेली ती चौकात नाही, तर चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर. सैन्य अडवायला उभी राहिलेली माणसं होती ती. पुढं फाशी झाली ती जास्त करून कामगारांना. विद्यार्थ्यांची नावं जगाला कळली, कामगारांची कोण घेतो?

मेले किती? सरकार म्हणतं दोन-तीनशे, त्यातही सैनिक धरून. बाकीचे म्हणतात कित्येक शे, कोणी हजारांत सांगतात. मोजूच दिलं नाही, तर कळणार कसं?

आता खासदारांचं. १९९१ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे तीन खासदार त्याच चौकात गेले. त्यात नॅन्सी पेलोसी नावाच्या बाई होत्या. त्यांनी एक लहान फलक उलगडला. चीनमध्ये लोकशाहीसाठी मेले त्यांच्यासाठी, असं त्यावर लिहिलेलं. पोलीस धावत आले. खासदार निघून गेले, आणि बातमी घ्यायला आलेल्या पत्रकारांना पोलिसांनी धरून ठेवलं. ध्यानात घ्या. फलक एकानं धरला, भोगलं दुसऱ्यानं.

गेल्या वर्षी दहा वर्षं झाली, तेव्हा अमेरिकेच्या खालच्या सभागृहानं मेलेल्यांच्या आठवणीचा ठराव केला. आणि यंदा? २४ मेला त्याच सभागृहानं चीनला व्यापाराची कायमची सवलत मंजूर केली. २३७ विरुद्ध १९७ मतं. आजवर ही सवलत दरवर्षी नव्यानं द्यावी लागायची, म्हणून वर्षातून एकदा तरी तिथल्या कैद्यांचा विषय निघायचा. हे वरच्या सभागृहातही झालं तर तेवढंही संपलं. पेलोसीबाईंनी विरोधात मत दिलं, हेही सांगायला पाहिजे. सगळ्यांना एका मापानं मोजू नये.

दुसरा खासदार बघा. हाँगकाँगचे सेतो वाह. मूळचे शाळामास्तर, शिक्षकांच्या संघटनेचे पुढारी, मग विधिमंडळात गेले. हाँगकाँगच्या नव्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीत चीननं त्यांना घेतलं होतं. गोळीबाराविरुद्ध उभे राहिले, तर त्यांना काढून टाकलं. तेव्हापासून चीनमध्ये पाय ठेवायला बंदी. तीन वर्षांमागं हाँगकाँग चीनच्या ताब्यात गेलं, तरी हा माणूस दर ४ जूनला हजारो लोकांबरोबर मैदानात मेणबत्ती घेऊन बसतो. आज रात्रीही तिथं लोक बसले असतील.

आणि आता एका आईचं. डिंग झिलिन, बीजिंगच्या विद्यापीठात शिकवणारी बाई. मुलगा सतरा वर्षांचा. ३ जूनच्या रात्री आईनं अडवलं, तर पोरगा न्हाणीघरात शिरला, आतनं कडी लावली आणि खिडकीतनं उडी टाकून गेला. मुशीदी नावाच्या ठिकाणी त्याच्या पाठीत गोळी लागली. आपल्याकडे मयत झालं तर गाव जमतं, दिवस घालतात, रडायला कोणी बंदी करत नाही. त्या बाईला उघड रडायचीही बंदी. मग तिनं काय केलं? पाळत असताना, एकेक घर शोधत, दुसऱ्या आया गाठल्या. नाव काय, वय काय, कुठं गोळी लागली, मागं कोण राहिलं, हे लिहीत गेली. दीडशेच्या वर नावं झाली आहेत. गेल्या वर्षी शंभरावर नातेवाइकांनी सह्या करून सरकारी वकिलांच्या सगळ्यांत वरच्या कचेरीकडे मागणी केली: चौकशी करा, हुकूम कोणी दिला ते शोधा.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. लांबच्या खासदारांचा ठराव फुकट नाही. सरकार म्हणतं काही झालंच नाही, तेव्हा बाहेर कोणीतरी "झालं" म्हणणं लागतं. पण ठराव करणाऱ्याला दोन गोष्टी विचारायच्या. तुला यात काय मोजावं लागलं? आणि उद्या सौद्याची वेळ आली की हात कुठल्या बाजूला वर करशील?

ठराव एका दिवसात होतो. त्या यादीतलं एकेक नाव मिळवायला महिने गेले. सभागृहात "बळी" म्हणतात, त्या आईच्या वहीत मात्र प्रत्येकाला नाव आहे. वही नसती, तर ठरावाला विचारलं असतं, कोण मेलं दाखवा!

एवढंच. आता दोन मिनिटं कंदील बारीक करा, त्या पोरांसाठी गप्प बसू.

जिंदाबाद.