मतांगीकार आणि प्रार्थना

लहानपणी संडे स्कूलमध्ये मला प्रेषितांचा मतांगीकार तोंडपाठ होता. एक शब्दही न चुकता म्हटला, म्हणून बक्षीसही मिळालं होतं. पण वडील गेले त्या रात्री त्यातली एकही ओळ ओठांवर आली नाही. ‘देवा, तू आहेस ना?’ एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. मग मला पडलेला प्रश्न असा, की यातली श्रद्धा कोणती?

पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न फार प्रामाणिकपणे सोसला. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे धर्मभगिनींच्या सहवासात असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्यासारख्या मतांवर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद चालला. चर्च सांगतं एवढ्यावर एखादी गोष्ट मानणं त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. पुढे १८९१च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून भेटलेला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःला, आहोत तशा, त्याच्या स्वाधीन केलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. ख्रिस्त भेटला म्हणून रमाबाईंनी ग्रंथ मिटून ठेवले नाहीत. उलट हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी ते छापलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. अगदी अखेरपर्यंत त्या याच कामात होत्या.

एकेका शब्दासाठी एवढे कष्ट का? कारण माणूस आपला असला, की त्याचं बोलणं आपण नीट ऐकतो. आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालत नाही. वचन बाजूला ठेवून फक्त देवाशी जवळीक सांगणारा हळूहळू स्वतःशीच बोलू लागतो. आणि मतं बिनचूक, पण प्रार्थना नाही, अशा माणसाच्या खिशात पत्ता असतो. त्या घरी मात्र तो कधी गेलेला नसतो.

वडील गेल्यानंतरच्या रविवारी मी उपासनेला गेलो. सगळे उभे राहून मतांगीकार म्हणू लागले. पुनरुत्थानाची ओळ आली आणि माझा आवाज दाटला. त्या रात्री मी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर लहानपणापासून मला पाठ होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकू आलं.