चिलखताच्या विणीचे डूल

चिलखत म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें प्रतापगड उभा राहतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजीमहाराजांनीं अंगरख्याखालीं चिलखत घातलें होतें, ही हकीकत शाळेंतल्या पोरासही ठाऊक असते. लोखंडाच्या बारीक कड्या एकमेकींत गुंतवून केलेली अशी जाळी युरोपांतील केल्ट लोक इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतच वापरीत. पुढें बंदुकीच्या गोळीपुढें तिचें कांहीं चालेना, आणि हळूहळू ती संग्रहालयांत जाऊन बसली. वीण मात्र मेली नाहीं. छातीवरची ती जाळी आज हौशी लोकांच्या हातून कानांतल्या डुलांत उतरली आहे.

या हौसेला सामान थोडें लागतें: तार, एक सळई, सोनारी करवत आणि चपट्या तोंडाच्या दोन पकडी. सळईवर तार घट्ट गुंडाळून तें वेटोळें उभें कापलें म्हणजे एकेक वेढा सुटून कडी होते. कातरीनें कापल्यास टोंकें चिमटून निमुळतीं होतात व तोंडाशीं फट राहते. करवतीनें तीं सपाट येतात. बाजारांत तयार कड्याही मिळतात. आरंभीं त्याच घ्याव्या. स्वतः कापलेल्या कड्यांचा अभिमान मागाहून.

खरी मेख मापांत आहे. कडीच्या आंतल्या व्यासास तारेच्या जाडीनें भागावें. तार १ मिलिमीटर आणि व्यास ३·५ मिलिमीटर असेल तर उत्तर ३·५ येतें. हा आंकडा फार लहान असल्यास कडी शेजारणीला आंत येऊं देत नाहीं. फार मोठा असल्यास जाळी ढिली पडून तिचा आकारच राहत नाहीं. शिवाय सळईवरून सुटतांच तार किंचित उलगडते, म्हणून कडी सळईपेक्षां थोडी मोठीच निघते. नवशिक्याचें गणित बहुधा येथें चुकतें.

सर्वांत जुनी वीण अशी कीं जाळीच्या आंतल्या प्रत्येक कडींतून शेजारच्या चार कड्या जातात. तिचा त्रिकोणी डूल करावयाचा तर वर ५ कड्यांची ओळ, तिच्याखालीं ४, मग ३, २ आणि टोंकाला १; एका डुलास १५, जोडीस ३०. दुसरा डूल करतांना नवलाई संपलेली असते, आणि हात नेमका तेथेंच घाई करतो.

जुने कारागीर कडीचीं टोंकें चपटीं करीत, त्यांत भोंक पाडीत आणि रिवेट ठोकून तोंड कायमचें मिटवीत. या डुलांना रिवेट नाहीं कीं डाक नाहीं. कडीचें तोंड जुळलें तर डूल टिकला, नाहीं तर गेला. म्हणून कडी उघडतांना टोंकें दोन बाजूंना ओढूं नयेत, तसें केल्यास गोलाई जाते. एक टोंक पुढें व एक मागें असें सरकवावें. मिटतांना तीं किंचित आंत दाबीत एकमेकांच्या जरा पलीकडे न्यावीं आणि परत आणावीं, कारण धातूला मागें सरकण्याची खोड असते. नखाला फट लागेनाशी झाली कीं थांबावें. वारंवार वांकवलेली तार कडक होते आणि अखेर मोडते, तेव्हां एकाच कडीशीं फार वेळ झगडूं नये.

तांबें ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे. लांब डूल ॲल्युमिनियमचे केले तर कानाच्या पाळीवर ओढ येत नाहीं. कानांत घालावयाचा आंकडा मात्र चांदीचा किंवा टायटॅनियमचा असावा. निकेलनें अनेकांची कातडी चिघळते. युरोपीय संघानें तर १९९४ सालीं त्यावर निर्बंधच घातले.

तयार डूल जुन्या मलमलीच्या तुकड्यावरून ओढून पाहावा. धागा अडकल्यास ती कडी हुडकून पुन्हा मिटावी. तरीही अडकली, तर कापून काढावी आणि नवी घालावी.